एकही शिवी नसलेलं गाणं

"मॅडम, सुमेध पडला."

केतनचा फोन आला तेव्हा मी गिरगावातल्या घरी दुपारच्या चहाचं आधण ठेवत होते. केतन म्हणजे परळच्या ज्या स्टुडिओत आम्ही काम केलं तिथला ध्वनिमुद्रक. त्या स्टुडिओत 'पडला' हा शब्द आम्ही इतक्या वेळा उच्चारला होता की मला काही वावगं वाटलंच नाही. आमच्या पिक्चरचा नायक उंच इमारतीवरून पडतो आणि तिथून गाणं सुरू होतं. 'पडला', 'पडल्यावर', 'पडायच्या आधीचा श्वास' अशीच आमची रोजची भाषा झाली होती. मी म्हटलं, "परत? तो टेक मंजूर झाला होता ना रे?" केतन म्हणाला, "टेक नाही, मॅडम... खरंच पडला. कामावर. गेला तो."

चहाचं पाणी उकळून उकळून आटलं. भांड्याचा तळ करपल्याचा वास आला तेव्हा मी गॅस बंद केला. या गोष्टीला आता काही महिने झाले. लिहावं की नाही, याचाही बराच विचार केला. लिहून काही होत नाही हे मला माहीत आहे. तरी लिहिते आहे, कारण त्याने केलेलं सगळ्यात चांगलं काम कोणाला कधी ऐकायला मिळणार नाही आणि ते त्याने केलं होतं एवढं तरी कुठेतरी नोंदलेलं असावं.

सुमेध सत्तावीस वर्षांचा होता. नायगावच्या बीडीडी चाळीत जन्मला, तिथेच वाढला. वडील तो शाळेत असतानाच गेले. आई, रंजनाताई, एका शाळेत शिपाई. चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा मायलेक लालबागला एका भाड्याच्या खोलीत राहायला आले. खाली मसाल्याची गिरणी, त्यामुळे घरात पाऊल टाकलं की पहिल्यांदा शिंक यायची. पोटासाठी तो एसी बसवायचा आणि दुरुस्त करायचा. उरलेल्या वेळात रॅप करायचा, 'पोटमाळा' या नावाने. हे कसलं नाव, असं मी विचारलं होतं. म्हणाला, "चाळीत आमच्या खोलीत मोठ्याने बोलायला तेवढीच जागा होती, मॅडम. खाली आई झोपलेली, पप्पा आजारी. मी माळ्यावर, उशी तोंडावर धरून."

परळच्या एका टॉवरमध्ये एसीचं बाहेरचं युनिट छज्ज्यावर बसवताना त्याचा तोल गेला. कमरेचा पट्टा खाली गाडीतच राहिला होता, असं एक जण सांगतो. पट्टा होता, पण तो अडकवायला भिंतीत काही नव्हतं, असं दुसरा सांगतो. तिसरा म्हणतो, पाच मिनिटांचं काम होतं, कोण पट्टा लावतं... रंजनाताईंनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "पट्टा होता का?" आणि प्रत्येकाकडून वेगळं उत्तर घेऊन त्या घरी आल्या. चौकशी चालू आहे म्हणतात. असेल.

मी गेली कित्येक वर्षं परदेशी कार्टूनांचे आणि पिक्चरांचे संवाद मराठीत लिहिते. पडद्यावरच्या माणसाचे ओठ जसे हलतात तसे शब्द बसवायचे, हे माझं काम. गेल्या वर्षी केतनने बोलावलं आणि सांगितलं की एक मोठा परदेशी पिक्चर आहे, सुपरहिरोचा, आणि पहिल्यांदाच तो मराठीतही आणायचं ठरतंय. संवादांचं ठीक आहे, पण मध्ये एक रॅप गाणं आहे आणि तेही मराठीत हवं. मी सरळ नाही म्हटलं. मला रॅपमधलं ओ की ठो कळत नव्हतं. केतन म्हणाला, "तुम्ही ओठ सांभाळा. बाकीचं करणारा मला मिळालाय. आपला एसी रिपेअर करायला आला होता."

ते खरंच तसं घडलं होतं. स्टुडिओचा एसी गळत होता, सुमेध शिडीवर चढून काम करत होता, आणि काचेपलीकडचा माइक बघून त्याने विचारलं, "सर, स्टुडिओ बंद करायच्या आधी एकदा यात बोलू?" केतन तसा कोणाला हात लावू देत नाही, पण त्या दिवशी हो म्हणाला. पुढे कंपनीने मराठी रॅपरांचे नमुने मागवले तेव्हा केतनने चार नावाजलेल्या पोरांबरोबर याचंही रेकॉर्डिंग पाठवून दिलं. तिकडून उत्तर आलं, हा हवा.

पहिल्या भेटीत आम्ही एकमेकांना अजिबात आवडलो नाही. मी त्याला इंग्रजी गाण्याचा अर्थ समजावायला लागले, तर तो म्हणाला, "मॅडम, इंग्लिश समजतं मला. गाणं बकवास आहे, पण समजतं." मला राग आला. मी त्याला ओठांचं गणित सांगितलं. गाण्याच्या सुरुवातीला नायकाचा चेहरा पडदाभर दिसतो, तो जिथे ओठ मिटतो तिथे आपल्याकडे प, ब, भ, म यांतलं काहीतरी आलंच पाहिजे. नाहीतर प्रेक्षकाला काही कळत नाही, पण काहीतरी खोटं आहे एवढं त्याला जाणवतं. हे मात्र त्याने नीट ऐकलं. दुसऱ्या दिवशी आला तो ओठांचं सगळं पाठ करून. आरशासमोर बसून केलं म्हणाला, "आईला वाटलं, वेडाबिडा झालो."

मग तो गिरगावात माझ्या घरी यायला लागला. रविवारी, त्याच्या सुट्टीला. पहिल्यांदा आला तेव्हा शेजारच्या काकूंनी दार उघडून विचारलं, "एसीवाला का? आमचाही बघ हो जरा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो हसून म्हणाला, "हो काकू, यांचं झालं की येतो." आणि खरंच गेला. परत येऊन सोफ्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "यांचा कंप्रेसर गेलाय. आपण बसू या का कामाला?" माझ्याच खिडकीतला एसी कित्येक वर्षं बंद होता. तो त्याने उघडला तर आत कबुतराने घर केलेलं. दोन पिल्लं. त्याने झाकण परत लावून टाकलं. "आत्ता नको. उडू देत, मग करतो." पिल्लं उडाली, एसीही चालू झाला. पैसे विचारले तर माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर कधीतरी मॅडमची मी मावशी झाले.

आमची भांडणं मात्र चालूच होती. पहिल्याच ओळीवर दोन रविवार गेले. मला 'कोसळलो' हवं होतं, त्या शब्दाला वजन आहे असं मला वाटत होतं. तो म्हणाला, "मावशी, बिल्डिंग कोसळते. माणूस पडतो." मी स्टुडिओत जाऊन तेवढा तुकडा पुन्हा बघितला. नायकाचे ओठ मिटलेले होते. 'पडलो'चा प तिथे बरोब्बर बसला. पण दुसरीकडे मीही सोडलं नाही. तो अडला की हिंदीत शिरायचा, यमक जुळवायला कुठलाही शब्द आणून कोंबायचा, आणि मी ती ओळ खोडून त्याच्याकडे सरकवायचे. एकदा चिडून उठलाच. "तुम्हाला काय, तुम्ही पुस्तकातलं बोलता!" मी म्हटलं, "मग तू तुझ्या घरातलं बोल. पण बोल. उसनं नको आणूस." तो दारापर्यंत गेला, चपला घातल्या, आणि तसाच चपलांसकट उंबऱ्यावर बसून त्याने पुढच्या चार ओळी केल्या.

त्या ओळी मला इथे देता येत नाहीत. मंजूर झालेलं एकेक अक्षर कंपनीचं आहे, तसं आम्ही दोघांनीही लिहून दिलं होतं. पण जे नामंजूर झालं ते त्याचंच राहिलं. मूळ गाण्यात नायक म्हणतो की आपण उडण्यासाठीच जन्मलो. सुमेधला ते पटत नव्हतं. "उंचीवर काम करणारा कोणीच असलं बोलत नाही, मावशी," म्हणाला आणि त्याने आपल्या कामावरचं लिहिलं:

खाली बघू नको म्हणतात, मी खालीच बघतो
छज्ज्यावर अर्धा पाय, अर्ध्यावर जगतो
तुझ्या खोलीत गारवा, माझ्या पाठीवर ऊन
तू रिमोट दाबतोस, मी लटकतोय इथून
वर जायला जिना नाही, दोर आहे एक
गाठ मारणारा मीच, आईचा एकच लेक

केतनने हे तिकडे पाठवलं. पात्राशी जुळत नाही, असं उत्तर आलं. सुपरहिरो एसी बसवत नाही, हे तर खरंच होतं. सुमेधला वाईट वाटलं असेल, पण दाखवलं नाही. "ठेवू हे आपल्या गाण्याला," म्हणाला आणि नवीन लिहायला बसला. आता या ओळी वाचल्या की माझा हात थांबतो. त्याला पुढचं दिसत होतं वगैरे मी म्हणणार नाही. त्याला काहीही दिसत नव्हतं. तो रोज जे करत होता तेच त्याने लिहिलं होतं, आणि ते वाचून मी फक्त यमक चांगलं आहे एवढं म्हटलं होतं.

रेकॉर्डिंगला आम्ही परळला जमायचो. तळघरातला स्टुडिओ, दारात पहारेकरी. आत जाताना फोन एका पिशवीत घालून ती सील करायची. पिक्चर बाहेर फुटू नये म्हणून पडद्यावरचं चित्रही सगळं काळं केलेलं, फक्त नायकाचा चेहरा एका गोलात दिसायचा. सुमेधला याचं फार हसू यायचं. "भोकातून बघून रॅप करतोय." पण माइकसमोर उभा राहिला की तो वेगळाच व्हायचा. एरवी त्याचं शरीर सतत हलतं असायचं, गुडघा, बोटं, मान, काही ना काही. तिथे तो अगदी स्थिर उभा राहायचा, डोळे त्या गोलावर, आणि आवाज छातीच्या तळातून यायचा. सुरुवातीला जवळजवळ पुटपुटल्यासारखं, कारण नायक उकिरड्यात पडलेला आहे. मग एकेक ओळ उभी राहत जायची. शेवटच्या कडव्याला केतनने खुर्चीतून उठून काचेला हात टेकवला होता, हे मी स्वतः पाहिलं. मी आयुष्यभर भाषेचं काम केलं, पण माझ्या ओळखीच्या शब्दांना असं अंग फुटताना मी कधी ऐकलं नव्हतं.

एक गोष्ट राहिली होती. गाण्याच्या आधी नायक पडतो तेव्हा ओरडतो, ती किंकाळी त्याच आवाजात हवी होती. केतनने सांगितलं तसं सुमेध म्हणाला, "सर, ओरडत नाही माणूस. आमच्यातला एक पडला होता, कांजूरला. मी शेजारच्या खिडकीत होतो. आवाजच नाही आला." केतन म्हणाला, "आज राहू दे हवं तर." पण सुमेधने हेडफोन लावला. "नाही, पिक्चरमध्ये ओरडतो ना, मग ओरडायचं." आणि ओरडला. पहिल्याच टेकला मंजूर. टॉवरच्या वॉचमनने नंतर पोलिसांना सांगितलं की त्याने फक्त आदळल्याचा आवाज ऐकला, त्याच्या आधी काही नाही. मी सुमेधची किंकाळी ऐकलेली आहे. ती खोटी होती, आणि माझ्या कानातून जात नाही.

काम संपलं त्या दिवशी आम्ही लालबागला त्याच्या घरी गेलो. रंजनाताईंना मी तेव्हा पहिल्यांदा भेटले. त्यांनी सुकट आणि भाकरी केली होती, आणि माझ्यासाठी वेगळी वांग्याची भाजी. मी सुकट मागून घेतली तेव्हा त्या जरा सैलावल्या. सुमेध हात धुवायला गेला तसं हळूच म्हणाल्या, "मॅडम, हा गातो ते मी ऐकत नाही. फार घाण शिव्या असतात. याच्या मित्रांनी एकदा दाखवलं, मी उठून गेले." त्याची जुनी गाणी मी ऐकली होती. रे रोडला लाकडाच्या वखारींजवळ मित्रांनी गोल करून केलेले फोनवरचे व्हिडिओ. ट्रक जातायत, सगळे एकदम ओरडतायत, आणि मधून मधून याचा आवाज. शिव्या होत्याच, आणि कुठे कुठे त्या जागच्या जागी होत्या, पण आईला ते कसं सांगणार... तेवढ्यात तो बाहेर आला. त्याने ऐकलं असावं. टॉवेलला हात पुसत म्हणाला, "आई, या गाण्यात एक पण शिवी नाही. मावशीला विचार."

"खरं?" त्यांनी मला विचारलं.

"खरं," मी म्हटलं.

"मग म्हणून दाखव ना."

"अजून नाही. सही केलीये मी, बाहेर बोलायचं नाही म्हणून. पिक्चर लागला की तुला मोठ्या पडद्यावर ऐकवतो. पहिला शो. नवीन साडी नेस."

त्याने शब्द पाळला. आईला एक ओळही ऐकवली नाही, भांडी घासताना गुणगुणलीसुद्धा नाही. मी तेव्हा मनात म्हटलं, किती शहाणा मुलगा आहे.

भोईवाड्याच्या स्मशानात त्याच्या वयाची पोरं इतकी होती की आत उभं राहायला जागा नव्हती. टोप्या काढून, माना खाली घालून. बहुतेक सगळे रॅप करणारे, म्हणजे शब्दांवर जगणारे, आणि एकालाही बोलता येत नव्हतं. बुद्धवंदना झाली. रंजनाताई रडत नव्हत्या. त्या चालत माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "ताई, पिक्चर कधी आहे?"

मी सांगितलं, अजून दोन-तीन महिने. त्यांनी मान हलवली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी पुन्हा विचारलं. मग फोनवर. त्यांचं बाकी सगळं थांबलं होतं. शाळेत जात होत्या, घंटा देत होत्या, घरी येत होत्या, पण त्या फक्त त्या एका तारखेकडे तोंड करून बसल्या होत्या. नवीन साडी आणली होती. ती त्यांनी मला दाखवली नाही, शेजारणीने सांगितलं.

मग एका सकाळी केतनचा फोन आला, आणि त्याच्या आवाजावरूनच मी खुर्चीवर बसून घेतलं. मराठीत पिक्चर येणार नव्हता. हिंदी, तमिळ, तेलुगू येणार होते. मराठीला पुरेसे शो मिळणार नाहीत, मराठी माणूस हिंदीत बघतोच, असं काहीतरी वरून ठरलं होतं. कोणाचं दुष्टपण नव्हतं यात. असं होतं, माझ्या धंद्यात मी आधीही पाहिलं आहे. कुठेतरी एका बैठकीत एक रकाना खोडला गेला असेल. मी म्हटलं, "मग गाणं?" केतन म्हणाला, "सगळं तिकडे गेलं, मॅडम. आपल्याकडे कॉपी ठेवतच नाहीत. ठेवता येतच नाही. काम झालं की इथलं पुसायचं आणि पुसल्याचं कळवायचं. मी पुसलं... मला काय माहीत होतं." तो मोठा माणूस फोनवर रडला.

आम्ही प्रयत्न केले. केतनने त्याच्या ओळखीच्या सगळ्यांना गाठलं. मी कंपनीच्या मुंबईतल्या कार्यालयात जाऊन बसले. एक मुलगी भेटली, वयाने सुमेधएवढीच, फार चांगली वागली. मी तिला सगळं सांगितलं. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, मी वर विचारते. आठवड्याभराने तिचाच फोन आला. जे प्रदर्शित झालेलं नाही त्यातलं काहीही कुठल्याही कारणासाठी बाहेर देता येत नाही, असं उत्तर होतं. "मला खूप वाईट वाटतंय," ती म्हणाली. मला तिचा राग आला नाही. राग यायला समोर कोणीतरी असावं लागतं. ते गाणं कुठल्या तरी देशात कुठल्या तरी यंत्रात आहे, किंवा आता तिथेही नाही. ऐकलेली माणसं म्हणजे केतन, मी, आणि तिकडचे काही जण, ज्यांना त्यातला एक शब्द कळला नसेल.

रंजनाताईंना सांगायला मीच गेले. त्या शाळेतून नुकत्याच आल्या होत्या, अजून गणवेशाच्या साडीतच होत्या. मी सांगितलं तसं त्यांनी विचारलं, "म्हणजे पुढे ढकललं?" मी म्हटलं, "नाही, ताई. येणारच नाही." त्या उठल्या, पाण्याचा तांब्या भरला, माझ्यासमोर ठेवला आणि पुन्हा बसल्या. खाली गिरणीत मिरची कुटणं चालू होतं. मग म्हणाल्या, "हिंदीत त्याचा आवाज असेल का?" मी म्हटलं, "हिंदीत दुसरा कोणीतरी आहे."

मी गाण्याचे शब्द एका कागदावर लिहून नेले होते. ते द्यायची मला परवानगी नाही. याबद्दल कोणाला काही म्हणायचं असेल तर त्यांनी मला म्हणावं. रंजनाताईंनी चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. वाचून झाल्यावर कागद उलटा केला, मागे काही आहे का बघितलं. मग म्हणाल्या, "शिवी नाही खरंच." थोड्या वेळाने कागद माझ्याकडे सरकवला. "पण हे म्हणतात कसं?"

मी एकसष्ट वर्षांची बाई. मला धाप लागते. मी रॅप कधी केलेलं नाही. त्यांच्या पलंगाच्या कडेवर बसून मी ते गाणं म्हणायला सुरुवात केली. पाठ होतंच, कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, कुठे शब्द ताणायचा, सगळं माहीत होतं, कारण ते आम्ही मिळून ठरवलं होतं. पण पहिल्या चार ओळींतच कळलं की माझ्या तोंडी ती शाळेतली कविता होते आहे. प्रत्येक 'ण' स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा. तो जिथे एका दमात पलीकडे जायचा तिथे मी अर्ध्या वाटेत थांबत होते. रंजनाताई माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या, जणू माझ्या ओठांमागे तो कुठे दिसतोय का ते शोधत होत्या. मी शेवटपर्यंत म्हटलं.

"तो असंच म्हणायचा?"

"नाही. भराभर म्हणायचा."

"मग भराभर म्हणा."

मी पुन्हा म्हटलं, भराभर. तिसऱ्या ओळीला श्वास संपला आणि खोकला आला. मसाल्याच्या धुळीने असेल. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, तांब्या पुढे केला. "राहू द्या," म्हणाल्या. "शब्द कळले मला."

तेव्हापासून मी दर रविवारी लालबागला जाते. ठरवून काही झालं नाही, पहिल्या रविवारी गेले आणि मग जातच राहिले. रंजनाताई चहा करतात, आम्ही इकडचं तिकडचं बोलतो. नायगावच्या नवीन घरांचं काय झालं, शाळेत कोण काय म्हणालं. मग त्या दार लोटून घेतात आणि म्हणतात, "म्हणा." मी म्हणते. माझं काही सुधारलेलं नाही. उलट पूर्वी मला म्हणताना आतून त्याचा आवाज ऐकू यायचा आणि मी त्याच्या मागे धावायचे. आता तसं होत नाही. इतक्यांदा म्हणून म्हणून ते गाणं माझ्याच आवाजाचं झालं आहे. मी डोळे मिटून स्टुडिओ आठवते, ती काच, तो गोल, तो स्थिर उभा असलेला मुलगा... सगळं दिसतं. तोंडही हलताना दिसतं. ऐकू मात्र मीच येते.

गेल्या रविवारी त्यांनी सरळच विचारलं. "ताई, तुम्हाला त्याचा आवाज अजून येतो का?"

खोटं बोलावंसं वाटलं होतं, पण त्यांच्यासमोर जमलं नाही.

"मला पण आता 'आई' म्हणायचा तेवढाच येतो," त्या म्हणाल्या. "बाकीचा गेला." मग पदराने कपाळ पुसलं, उठून दार लोटलं आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"बरं. म्हणा."

मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.